माटोळी खाली आली नव्हती : घरच्या घरी आपली इंद्रियं तपासून पाहताना

तीन वर्षांपूर्वी चवथीच्या दिवशी बाबांचं कपाळ माटोळीला, म्हणजे गणपतीसमोर वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, आपटलं. गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात गेली चाळीसेक वर्षं माटोळी बांधतात ते बाबाच. तीच लाकडी चौकट, तेच हूक, तीच उंची. बाबा उंच आहेत, त्यामुळे तिथे आले की दरवर्षी मान झुकवून पुढे जातात. त्या दिवशी नैवेद्याचं ताट घेऊन आले, मान न झुकवता सरळ चालत गेले आणि नारळाच्या पेंडीवर आपटले. वर रागावून म्हणाले, "माटोळी कोणें सकयल बांदली?"

खाली कोणीच बांधली नव्हती. आदल्या दिवशी त्यांनीच स्टुलावर चढून बांधली होती आणि मी खालून एकेक फळ वर देत होते.

महिनाभराने निदान झालं: दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर चारी बाजूंना कुठवर पोहोचते ते तपासण्याचा, कागद माझ्या हातात आला तेव्हा डाव्या डोळ्याचा वरचा अर्धा भाग काळा छापलेला होता आणि उजव्याचाही वरचा बराच भाग गेलेला होता. हे एका महिन्याचं काम नाही, वर्षानुवर्षं चालू असणार, असं डॉक्टर म्हणाले. बाबा मात्र त्यांना परत परत सांगत होते, "म्हाका सगळें दिसता." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच सगळं दिसत होतं. जे दिसत नव्हतं, ते दिसत नाही हेच त्यांना कळत नव्हतं.

मी एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. डोळ्याची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची गणती नाही. 'अंधबिंदू' हा शब्द मुलांकडून पाठ करून घेतला. पण डोळ्यातला रिकामा भाग काळा दिसत नाही, तो मुळात दिसतच नाही, मेंदू आजूबाजूचा रंग ओढून त्यावर ठिगळ लावतो, हे मी त्यांना अनुभवायला लावलं नाही. म्हणून आता रविवारी आमच्या सोप्यावर शेजारची मुलं आणि त्यांचे आईबाप जमतात तेव्हा आम्ही हेच करतो. तुम्हालाही करता यावं म्हणून लिहिते आहे.

सामान घरातलंच आहे: कोरा कागद, काळं स्केचपेन, फूटपट्टी, शाळेतला आलेख कागद, लाल-पिवळ्या-हिरव्या बांगड्या, तीन तपेली आणि सोबतीला एक माणूस. एकच नियम मी सगळ्यांकडून कसोशीने पाळून घेते. डोळ्यांचा प्रत्येक प्रयोग आधी एका डोळ्याने करायचा, मग दुसऱ्याने. दोन्ही उघडे ठेवले की एकाची उणीव दुसरा झाकतो आणि आपण फसतो.

आधी भोक शोधा

कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका भरा. डावा डोळा तळहाताने झाका. झाकायचा म्हणजे दाबायचा नाही, नाहीतर उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतं. आता उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर आला की ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणला की परत येतो. मुलांची नजर हटकून ठिपक्याकडे पळते आणि मग 'बाई, मला दिसतोय' असा ओरडा होतो. त्यांना फुलीच्या जागी एखादं अक्षर काढून द्या आणि ते मोठ्याने वाचत राहायला सांगा, नजर जागेवर राहते. डाव्या डोळ्यासाठी कागद उलटा धरा, म्हणजे ठिपका डावीकडे येईल.

हे भोक फ्रान्समधल्या एद्म मारियोत यांनी सतराव्या शतकात, १६६० च्या दशकात, प्रथम दाखवलं. कारण रचनेत आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांचा निरोप नेणारे तंतू आपल्या डोळ्यात पडद्याच्या पुढून धावतात. ते सगळे एका ठिकाणी गोळा होऊन पडद्याला भोक पाडून बाहेर जातात. त्या ठिकाणी प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते, तोच अंधबिंदू. माशेलच्या बाजारात जी माणकी (स्क्विड) मिळते, तिच्या डोळ्यात तंतू पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे तिला अंधबिंदूच नाही. हे सांगितल्यापासून आमच्या शेजारच्या छोकरीने माणकी साफ करताना तिचा डोळा फोडून पाहायचा सपाटा लावला आहे.

भोक सापडलं की थांबू नका, खरं शिक्षण पुढेच आहे. आमच्याकडे आजीची जुनी कुणबी साडी आहे, लाल-पांढऱ्या चौकटींची. ती टेबलावर पसरून मी तिच्यावर एक काळं बटण ठेवते आणि ८ सेंटिमीटर बाजूला खडूची फुली करते. पाहणाऱ्याने एक डोळा झाकून फुलीकडे बघत वाकायचं. बटण गेलं की त्या जागी काय दिसतं, हे मी प्रत्येकाला विचारते. काळा डाग, पांढरा डाग, भोक, असं कोणीच सांगत नाही. सगळे म्हणतात, "चौकटी." तिथे चौकटी दिसायचं काही कारण नाही, त्या जागेवरून मेंदूकडे एक अक्षरही गेलेलं नाही. मेंदूने भोवतीच्या चौकटी पुढे ओढल्या आणि आपल्याला आख्खी साडी दाखवली.

मग हिशेब करायला लावा. अंधबिंदू रुंदीला साधारण ५ अंशांचा असतो. हातभर अंतरावर तो लिंबाएवढा. वीस मीटरवर? पावणेदोन मीटर. तेवढ्यात एक स्कूटर माणसासकट मावते. दोन डोळ्यांचे अंधबिंदू वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून रस्त्यावर आपलं निभावतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा, वरचा भाग गेला होता. तिथे एकाने दुसऱ्याला सावरायला काही उरलंच नव्हतं आणि मेंदूने त्या जागी भिंतीचा पांढरा रंग भरून दिला. माटोळी पुसली गेली.

काचबिंदूच्या माणसाला काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसतं, अशी चित्रं तुम्हीही पाहिली असतील. माझं त्या चित्रांशी भांडण आहे. ती पाहून माणूस म्हणतो, मला तर काळं काही दिसत नाही, म्हणजे मी बरा आहे.

नजरेची स्पष्टता कुठवर

हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. बारीक अक्षर वाचता येईल अशी आपली नजर जवळजवळ तेवढीच असते, सुमारे २ अंश. बाकीचं सगळं पुसट. पटत नसेल तर बांगड्या काढा. एकाने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एकाच तारखेकडे पाहत बसायचं. दुसऱ्याने मागून, कानाच्या बाजूने, एक बांगडी हलवत हळूहळू पुढे आणायची. काहीतरी हलतंय हे फार लवकर कळतं. रंग सांगायला लावा: लाल की हिरवी? बांगडी बरीच पुढे येईपर्यंत लोक चुकतात आणि चुकताना छातीठोक सांगतात.

रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी एका डोळ्यात साधारण ६० लाख असतात आणि त्यांची दाटी पडद्याच्या मध्यावर असते. अंधूक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, त्या बाजूंना पसरलेल्या. या सगळ्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू मात्र दहा-बारा लाखच. म्हणजे निवडानिवड डोळ्यातच सुरू होते. उरलेलं चित्र पुरं करायला डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारतो. त्या उड्या आपल्याला दिसत नाहीत. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या बुबुळाकडे बघा, मग उजव्याकडे, मग परत डाव्याकडे. तुमचे डोळे हलताना तुम्हाला दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील. उडीच्या क्षणाचं चित्र मेंदू दाबून टाकतो.

दंडपेशींसाठी पावसाळ्यात लाईट जाण्याची वाट पाहायची, आमच्याकडे फार थांबावं लागत नाही. शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात, दंडपेशींना अर्धा तास किंवा थोडा जास्त लागतो. वाट पाहायची नसेल तर दिव्याच्या उजेडात एक डोळा पंधरा मिनिटं रुमालाने बांधून ठेवा आणि मग दिवा मालवून सोडा. बांधलेल्या डोळ्याला खोलीतली खुर्ची दिसते, उघड्या राहिलेल्याला फक्त अंधार. एकाच डोक्यात दोन वेगवेगळ्या रात्री!

परसात जास्वंद असेल तर तिन्हीसांजेला तिच्यापाशी बसा. दिवसा लाल फूल पानांपेक्षा उठून दिसतं. उजेड उतरत जातो तसं फूल काळपट होत जातं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटायला लागतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली हे नोंदवलं. त्या वेळी काम शंकूपेशींकडून दंडपेशींकडे जात असतं आणि दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवतच नाही. मार्गशीर्षातल्या निरभ्र रात्री कृत्तिकांकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहा. जास्त चांदण्या दिसतील, कारण पडद्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात.

कान, कातडी, जीभ

कानाचं थोडक्यात सांगते. डोळे बांधून एकाला मध्ये बसवा आणि चारी बाजूंनी टिचक्या वाजवा. दिशा बरोबर सांगेल. मग एका कानात बोट घालायला सांगा, चुका वाढतील. आवाज एका कानाला दुसऱ्याआधी पोहोचतो, तो फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश एवढा असतो आणि मेंदू तेवढ्यावर दिशा काढतो. टिचकी नाकाच्या बरोबर समोर किंवा डोक्याच्या बरोबर मागे वाजवली तर हा फरक शून्य होतो, तिथे दोन्ही कान उघडे असूनही लोक पुढचं मागे सांगतात.

कातडीसाठी तीन तपेली. एकात भाणातलं अंघोळीचं पाणी, म्हणजे हाताला सोसेल इतकंच कढत. एकात बर्फाचं. मधल्यात नळाचं. एक हात कढत पाण्यात, दुसरा गारात, मिनिटभर. मग दोन्ही एकदम मधल्यात. एक हात म्हणतो गार आहे, दुसरा म्हणतो कोमट. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० मध्ये हाच दाखला दिला होता. कातडी तापमान मोजत नाही, ती बदल सांगते. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला या प्रयोगात कढत पाण्याजवळ आणू नका, त्याला भाजलेलं कळणार नाही. तिथेही गोष्ट डोळ्यासारखीच असते: जे जाणवत नाही, त्याची उणीवही जाणवत नाही.

जिभेवर मात्र मला थांबायचं आहे, कारण इथे आपण गोवेकर नशीबवान आहोत. मे महिन्यात आपल्याकडच्या आंब्यांतली एक मानकुराद आणि एक मुसराद घ्या, सारख्या पिकलेल्या. सारख्या फोडी करा. डोळे बांधून, नाक चिमटीत धरून खायला द्या. गोड कळतं, आंबट कळतं, मऊपणा कळतो. पण मानकुराद कुठली आणि मुसराद कुठली, ते कळत नाही. फोड तोंडात असतानाच नाक सोडायला सांगा. त्या क्षणी चेहरा बघण्यासारखा असतो, मानकुराद एकदम 'येते'. ज्याला आपण आंब्याची चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वास असतो, आणि तो घशाच्या मागून नाकात चढतो. वास टिपणाऱ्या ग्राहींची (पेशींवरच्या रिसेप्टरांची) जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, त्याला २००४ चं नोबेल मिळालं. माणसाकडे असे चालू स्थितीतले सुमारे ४०० प्रकार आहेत. जिभेकडे चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि इकेदा यांनी १९०८ साली जपानमध्ये ओळखलेली उमामी. गोड टोकाला आणि कडू मागे, असा जिभेचा नकाशा कोणी तुमच्या मुलाला शिकवत असेल तर त्याला मिठाचा खडा जिभेवर चारी ठिकाणी ठेवून बघायला सांगा. खारट सगळीकडे लागतं.

आपल्या षड्रसांत तिखट आहे, मग या पाचांत का नाही, असं मुलं विचारतात. तिखट ही चव नसून भाजल्याची वर्दी आहे. ४३ अंशांच्या पुढची उष्णता ओळखणारा एक ग्राही मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ मध्ये ओळखला आणि त्यासाठी २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आला. मिरची लागते तेव्हा मेंदूला खरोखरच चटका बसल्याची बातमी जाते.

आणि तिरफळ! बांगड्याच्या उडीदमेथीत आपण घालतो ते. सुकं साल भिजवून, काळी बी काढून, साल नुसतं खालच्या ओठाला लावून ठेवा. मिनिटाभरात ओठ झिणझिणायला लागतो, जणू आत काहीतरी थरथरतं आहे. तिरफळाच्या कुळातल्या सिचुआन मिरीवर लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये काम केलं. ओठावरची झिणझिण आणि बोटावरचं यंत्राचं कंपन यांची तुलना करायला लावली, तेव्हा लोकांनी ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांच्या आसपास जुळवली. ओठ मात्र हलत नसतो. स्पर्शाचे तंतू रसायनाने चाळवले जातात आणि मेंदू आपल्या सवयीप्रमाणे त्याचा अर्थ 'कंपन' असा लावतो.

मनाने आधीच ठरवलेलं

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितलं की संमोहनात भुलवणाऱ्याच्या हातातून कसलीही अदृश्य शक्ती निघत नाही, सगळं भुलणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं. पुतळ्याखालून जाताना आम्ही हे विसरतो.

त्यांच्या नावाने मी एक प्रयोग करते. बाटलीतलं साधं पाणी कापसावर ओतते आणि सांगते, "हा एक नवा वास आहे, खोलीत पसरायला वेळ लागेल. ज्याला येईल त्याने हात वर करायचा." अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्लोसन यांनी १८९९ मध्ये हा प्रयोग आपल्या वर्गात केला होता. पुढच्या रांगेतले हात आधी वर जातात, मग मागचे. नंतर खरं सांगून टाकायचं, आणि हात वर केलेल्यांना कोणी हसणार नाही याची काळजी घ्यायची. त्यांना वास आला होता, तो त्यांच्या मेंदूने आणला होता. डॉक्टरांसमोर बाबा 'म्हाका सगळें दिसता' म्हणाले, तेही याच खरेपणाने.

आता मोठ्यांसाठी

वरचं सगळं मुलांचं झालं. आता घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला समोर बसवा, मीटरभर अंतरावर, डोळे समान उंचीवर. त्यांनी डावा डोळा झाकायचा, तुम्ही उजवा. दोघांनीही एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडेच पाहायचं. तुम्ही आपला हात दोघांच्या बरोबर मध्ये धरून चार कोपऱ्यांत, वर-खाली, डावी-उजवीकडे, कधी एक, कधी दोन, कधी पाच बोटं दाखवा आणि मोजायला लावा. तुम्हाला दिसतात आणि त्यांना दिसत नाहीत, असा एखादा कोपरा निघाला तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मग दोघांनीही दुसरा डोळा झाकून हेच परत करा.

आलेख कागदावर १० सेंटिमीटरचा चौरस आखून मध्ये ठिपका द्या. वाचायचा चष्मा लावून, ३० सेंटिमीटरवरून, एकेका डोळ्याने ठिपक्याकडे पाहायचं. रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसलेल्या वाटल्या तर पडद्याच्या मध्यभागाची तपासणी हवी. मधुमेही आणि साठीपुढच्या माणसांनी हा कागद कपाटाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावा.

पण या दोन्ही चाचण्यांत सगळं नीट आलं म्हणून काचबिंदू नाही, असं म्हणू नका. नजर बरीच गेल्यावरच बोटं चुकतात. सुरुवात कळते ती दवाखान्यात डोळ्याचा दाब, मज्जातंतूचं टोक आणि फील्ड तपासल्यावरच. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. आईबापांना किंवा भावंडांना असेल तर धोका वाढतो, म्हणून मी आणि माझा भाऊ दोघेही दरवर्षी तपासून घेतो.

बाबांना रात्री नऊला थेंब असतात. सुरुवातीला अर्ध्याहून जास्त गालावर पडायचे आणि त्यांना वाटायचं, आत गेले. मी फार्मसीत विचारून घेतलं की त्यांची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर चालते. सगळ्याच औषधांना चालत नाही, तुम्हीही आधी विचारा. आता थेंब गार असतो, बुबुळावर पडला की लगेच कळतो. मग नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध अश्रुनळीतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. एखाद्या रात्री दाबायचं राहिलं की बाबा माजघरातून ओरडून सांगतात, "घसो कोडू जालो गो!"